डीकेएमध्ये लाँग-ॲक्टिंग इन्सुलिन: कधी द्यायचं, किती द्यायचं आणि ड्रिप कधी काढायची

रात्री दोन वाजता शुगर १८० येते. ड्युटीवरचा रेसिडेंट इन्सुलिनची ड्रिप बंद करतो, केस पेपरवर ‘शुगरप्रमाणे रेग्युलर, दर सहा तासांनी’ लिहितो आणि पुढच्या पेशंटकडे जातो. सकाळच्या राउंडला तोच पेशंट धापा टाकतोय, उलट्या पुन्हा सुरू, शुगर ४२०, बायकार्बोनेट ११. नातेवाईक विचारतात, ‘रात्री तर नॉर्मल आली होती ना हो?’

आली होती, पण नॉर्मल झाली ती फक्त शुगर. डीकेए म्हणजे डायबेटिक किटोॲसिडोसिस: इन्सुलिन कमी पडून रक्तात किटोन नावाची आम्लं साठतात. किटोन बनणं थांबवायला शरीरात इन्सुलिन सतत असावं लागतं, आणि शिरेतून दिलेलं रेग्युलर इन्सुलिन काही मिनिटांतच रक्तातून जातं. त्वचेखाली दुसरं इन्सुलिन काम करत नसेल, तर ड्रिप काढल्यावर तासाभरात पेशंट पुन्हा उताराला लागतो. लाँग-ॲक्टिंग म्हणजेच बेसल इन्सुलिनची जागा इथे आहे. ते ड्रिपच्या ऐवजी द्यायचं नसतं आणि ड्रिप काढल्यानंतरही द्यायचं नसतं. ते ड्रिप चालू असतानाच द्यायचं. चुका होतात त्या बहुतेक या क्रमात.

हा लेख इंटर्न, रेसिडेंट, नर्सिंग स्टाफ आणि छोट्या हॉस्पिटलात रात्र काढणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे, आणि फक्त प्रौढ पेशंटसाठी. लहान मुलांचे नियम वेगळे आहेत, त्यांच्यात मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. गरोदर बाईचा डीकेए हीसुद्धा वेगळी गोष्ट, तिथे पहिल्या तासातच वरिष्ठांना फोन करा. तुमच्या युनिटचा लेखी प्रोटोकॉल असेल तर आधी तो.

## टप्पा १: निदान आणि घरच्या इन्सुलिनची चौकशी

डीकेए म्हणायला तीन गोष्टी लागतात. शुगर २०० किंवा जास्त, अथवा आधीपासून डायबेटिस असल्याची माहिती. रक्तातलं किटोन ३ मिलिमोल किंवा जास्त, किंवा लघवीत किटोन दोन प्लस. आणि पीएच ७.३ च्या खाली किंवा बायकार्बोनेट १८ च्या खाली. २०२४ मध्ये अमेरिकन, युरोपीय आणि ब्रिटिश डायबेटिस संघटनांनी मिळून जे मार्गदर्शन काढलं, त्यात ह्याच मर्यादा आहेत.

शुगरचा आकडा पाहून फसू नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या घेणाऱ्याला शुगर १९० असतानाही पक्का डीकेए असू शकतो. आपल्याकडे या गोळ्यांच्या स्वस्त जेनेरिक आल्यापासून अगदी तालुक्याच्या मेडिकलमध्येही त्या मिळतात, आणि पेशंटला नाव आठवत नाही. गोळ्यांची पट्टी मागवून घ्या.

मग इन्सुलिनची चौकशी. ‘इन्सुलिन घेता का?’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात, त्यातून काहीच कळत नाही. असं विचारा:

‘काका, शेवटची सुई कधी घेतली? कुठल्या बाटलीतली की पेनची? किती आकड्यापर्यंत भरता? मागच्या आठवड्यात किती वेळा राहिली?’

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कागदावर ग्लार्जिन (एक लाँग-ॲक्टिंग इन्सुलिन) ४० युनिट लिहिलेलं असतं, पण काका महिनाभर सुईला शिवलेले नसतात, कारण पेन संपलं आणि पगार झाला नव्हता. अशा माणसाला वॉर्डात रोजच्या रोज ४० युनिट मिळायला लागले, की तब्येत सावरताच शुगर खाली कोसळते. खरोखर घेत असलेला डोस आणि कागदावरचा डोस, दोन्ही वेगवेगळे लिहा.

तपासा: केस पेपरच्या पहिल्या पानावर या चार गोष्टी आहेत का: वजन, घरचं इन्सुलिन (नाव आणि बाटलीची ताकद), शेवटच्या डोसची वेळ, किडनीचा रिपोर्ट. वजन नसेल तर अंदाजाने लिहा, पण शेजारी ‘अंदाजे’ असंही लिहा.

## टप्पा २: बाटली आणि सिरिंज जुळवणं

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात मोठी चूक ह्या टेबलावर होते आणि ती नंतर कुठल्याच चार्टमध्ये दिसत नाही.

आपल्याकडे रेग्युलर, एनपीएच (मध्यम काळ चालणारं, गढूळ इन्सुलिन) आणि ३०/७० (या दोन्हींचं मिश्रण) यांच्या बाटल्या बहुतेक ठिकाणी ४० युनिट प्रति एमएल ताकदीच्या असतात. ग्लार्जिनची बाटली मात्र १०० युनिट प्रति एमएलची. सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. वॉर्डाच्या ट्रेमध्ये लाल टोपीच्या ढीगभर असतात. केशरी शोधावी लागते, आणि रात्री तीन वाजता कोणी शोधत नाही.

आता हिशोब बघा. ग्लार्जिन २० युनिट द्यायचंय. सिस्टरने १०० ची बाटली घेतली आणि लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं. ती खूण म्हणजे अर्धा एमएल. अर्ध्या एमएलमध्ये गेले ५० युनिट. अडीच पट डोस, तोही असा की चोवीस तास परत घेता येत नाही. उलट गफलत झाली, म्हणजे ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज, तर २० च्या जागी ८ च युनिट जातात आणि आपण ‘याला इन्सुलिन लागूच पडत नाही’ म्हणत बसतो.

दुसरी गोष्ट दिसण्याची. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, रेग्युलरही तसंच. पूर्वी शिकवायचे की गढूळ ते लांबचं आणि स्वच्छ ते लगेचचं. तो नियम एनपीएचच्या काळातला आहे, आता त्यावर भरवसा ठेवू नका. लेबल वाचायचं, मोठ्याने वाचायचं, आणि दुसऱ्या व्यक्तीला दाखवायचं.

इशारा: लाँग-ॲक्टिंग इन्सुलिन शिरेतून देऊ नका, सलाईनच्या बाटलीत घालू नका, दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये भरू नका. ग्लार्जिन आम्लधर्मी द्रावणात विरघळलेलं असतं आणि त्वचेखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण बनून ते हळूहळू सुटतं. त्याचा सगळा गुण त्या हळू सुटण्यात आहे.

इशारा: ३०० ताकदीच्या ग्लार्जिनच्या पेनमधून सिरिंजने औषध ओढू नका. कुठल्याच पेनमधून ओढू नये, पण यात चूक थेट तिप्पट होते. आणि एक पेन एकाच पेशंटचं, सुई बदलली तरीही.

## टप्पा ३: आधी सलाईन, मग पोटॅशियम

हा भाग बहुतेकांना येतो, म्हणून थोडक्यात. हृदय किंवा किडनीचा मोठा आजार नसेल, तर पहिले दोन ते चार तास साधारण ५०० ते १००० एमएल दर तासाला, एनएस (नॉर्मल सलाईन) किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट) यांसारखं द्रावण. पुढे पेशंट बघून कमी-जास्त.

पोटॅशियमचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय इन्सुलिन नाही, ना ड्रिप, ना त्वचेखाली. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींमध्ये ढकलतं, आणि डीकेएचा पेशंट आतून आधीच रिकामा असतो, रिपोर्ट ४.५ आला तरी.

- ३.५ च्या खाली: इन्सुलिन थांबवा. तासाला १० ते २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम द्या, ३.५ च्या वर आलं की इन्सुलिन सुरू.
- ३.५ ते ५.०: इन्सुलिन सुरू करा आणि प्रत्येक लिटरमध्ये १० ते २० मिलीइक्विव्हॅलंट घाला.
- ५.० च्या वर: इन्सुलिन सुरू, पोटॅशियम आत्ता नको, दोन तासांनी पुन्हा रिपोर्ट.

आपल्याकडचा नेहमीचा १० एमएलचा पोटॅशियम क्लोराइडचा अँप्युल म्हणजे २० मिलीइक्विव्हॅलंट. तो सरळ शिरेत कधीही नाही. लघवी होते आहे ना, तेही पाहून घ्या.

रिपोर्ट यायला लॅब दोन तास लावत असेल तर एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) मशीनवरचं पोटॅशियम किंवा निदान ईसीजी बघा. पण ‘बघून घेऊ’ म्हणत इन्सुलिन सुरू करू नका. सलाईन चालू असताना अर्धा-एक तास थांबल्याने पेशंटचं फारसं बिघडत नाही. पोटॅशियम २.८ असताना इन्सुलिन दिलं तर मात्र हृदय थांबू शकतं.

## टप्पा ४: ड्रिप लावणं

सिरिंज पंपमध्ये ५० एमएल एनएस आणि त्यात ५० युनिट रेग्युलर, म्हणजे १ एमएल म्हणजे १ युनिट. ५० युनिट म्हणजे ४० च्या बाटलीतलं १.२५ एमएल. लाल टोपीची एक सिरिंज पूर्ण भरून ४०, आणि वर आणखी १०. ‘एक सिरिंज घातली’ म्हणजे ५० नाही, ४० च झाले. हे इतक्या वेळा होतं की पंपावर चिकटवलेल्या पट्टीवर युनिट, बाटलीची ताकद आणि वेळ, तिन्ही लिहायची सवयच लावून घ्या.

इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं. नळी जोडण्याआधी तयार द्रावणातलं २० एमएल नळीतून सोडून द्या, नाहीतर पहिला तास पेशंटला निम्मंच मिळतं.

वेग: किलोमागे तासाला ०.१ युनिट. ६० किलोला ६ युनिट, म्हणजे ताशी ६ एमएल. शुगर तासाला साधारण ५० ते ७५ ने उतरावी, बायकार्बोनेट तासाला ३ ने वाढावं, रक्तातलं किटोन तासाला ०.५ ने कमी व्हावं. तसं होत नसेल तर वेग वाढवण्याआधी नळी, पंप आणि शिरेची सुई तपासा. निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो.

## टप्पा ५: लाँग-ॲक्टिंग लवकर देणं

पूर्वीची पद्धत होती ड्रिप संपताना बेसल द्यायची. आता ड्रिप चालू असतानाच सुरुवातीच्या तासांत द्यायची पद्धत रुळते आहे. ब्रिटनच्या प्रोटोकॉलमध्ये घरचं बेसल डीकेएतही चालूच ठेवायला सांगितलंय, आणि नव्या पेशंटला सुरुवातीलाच किलोमागे ०.२५ युनिट. २०२४ च्या एकत्रित मार्गदर्शनातही किलोमागे ०.१५ ते ०.३ युनिटचा छोटा बेसल डोस ड्रिपबरोबर देण्याचा उल्लेख आहे. ड्रिप काढल्यावर शुगर पुन्हा उसळण्याचं प्रमाण त्याने कमी होतं, ड्रिपचा काळही कमी होतो.

माझं मत विचाराल तर, मनुष्यबळ कमी असलेल्या वॉर्डात याचा सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे. रात्री पंप बंद पडला, शिर गेली, लाईट गेले, बदलीची सिस्टर यायला उशीर झाला, तरी पेशंट पूर्ण उघडा पडत नाही.

देण्याआधी चारही गोष्टी हव्यात:

1. सलाईन एक-दोन तास गेलं आहे आणि हातपाय गरम आहेत. बीपी ८० वर असलेल्या, गारठलेल्या पेशंटच्या त्वचेखाली रक्तच फिरत नाही. तिथे टोचलेलं इन्सुलिन पडून राहतं आणि रक्ताभिसरण सुधारल्यावर अवेळी शोषलं जातं.
2. पोटॅशियम ३.५ च्या वर आहे आणि सलाईनमधून दिलं जातंय.
3. ड्रिप चालू आहे.
4. मागच्या २४ तासांत घरी किंवा रेफर करणाऱ्या हॉस्पिटलात बेसल दिलेलं नाही. रेफर चिठ्ठीत नसेल तर फोन करून विचारा.

डोस असा ठरवा:

- घरी बेसल नियमित घेणारा: त्याचा तोच डोस, शक्यतो त्याच्या नेहमीच्या वेळेला. किडनी बिघडली असेल किंवा खाणं बरेच दिवस कमी असेल तर साधारण पाचव्या हिश्श्याने कमी.
- नवा पेशंट, किंवा इन्सुलिन सोडून दिलेला: किलोमागे ०.२५ युनिट. ६० किलोला १५.
- म्हातारा, कृश, किंवा क्रिएटिनिन वाढलेला: किलोमागे ०.१५ पासून सुरुवात.

पोटावर, नाभीपासून दोन बोटं सोडून, किंवा मांडीवर द्या. जुन्या पेशंटच्या पोटावर हात फिरवून बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी टोचून गाठी झालेल्या असतात, तिथलं शोषण बेभरवशाचं.

इशारा: बेसल दिलं म्हणून ड्रिपचा वेग लगेच कमी करायचा नाही. ग्लार्जिनला काम सुरू करायलाच एक-दोन तास लागतात. आणि आता दोन्हीकडून इन्सुलिन जातंय, म्हणून पोटॅशियम दर दोन तासांनी, चार तासांनी नाही.

ग्लार्जिन नसेल तर? अनेक सरकारी दवाखान्यांत नसतं. मग एनपीएच चालतं, पण त्याला चार ते दहा तासांच्या मध्ये शिखर येतं आणि ते दिवस भरून काढत नाही. म्हणून एकूण बेसल दोन भागांत, सकाळ-रात्र द्या, आणि बाटली हलवू नका, तळहातांमध्ये फिरवा. ३०/७० हे मात्र बेसल नव्हे. त्यात जेवणाचं इन्सुलिन मिसळलेलं आहे, आणि उपाशी पेशंटला ते देणं म्हणजे दोन-तीन तासांनी हायपो (शुगर धोकादायक खाली जाणं) ओढवून घेणं. डीकेए चालू असेपर्यंत ३०/७० बंद.

डेग्लुडेक आणि ३०० ताकदीचं ग्लार्जिन हळू चढतात, पूर्ण स्थिर व्हायला काही दिवस घेतात. पेशंट आधीपासून त्यावर असेल तर चालू ठेवा. नव्याने सुरू करायला ही वेळ नव्हे.

## टप्पा ६: शुगर २५० च्या खाली आली की

इथेच बहुतेक ड्रिप चुकीच्या बंद होतात. शुगर २५० च्या खाली आली की दोन कामं करायची, आणि दोन्ही एकदम:

- डेक्स्ट्रोज सुरू करा, ५ किंवा १० टक्के. डीएनएस (डेक्स्ट्रोज आणि नॉर्मल सलाईन एकत्र) हाताशी असतं, चालेल.
- ड्रिपचा वेग निम्मा करा, किलोमागे तासाला ०.०५ युनिट.

आता उद्देश बदलला. शुगर १५० ते २०० मध्ये राखायची आणि किटोन संपेपर्यंत इन्सुलिन देत राहायचं. नातेवाईक घाबरतात, ‘डायबेटिसच्या पेशंटला साखरेचं सलाईन?’ त्यांना सांगा की इन्सुलिन अजून लागणार आहे आणि साखर त्यासाठीच देतोय. हे एका वाक्यात सांगितलं नाही, तर रात्री कोणीतरी स्वतःच सलाईनची गुंडी बंद करून ठेवतं.

शुगर ७० च्या खाली गेली तर २५ टक्के डेक्स्ट्रोज द्या आणि ड्रिप तेवढ्यापुरती थांबवा. शुगर वर आली की कमी वेगाने पुन्हा सुरू करा आणि डेक्स्ट्रोज वाढवा. ‘हायपो झाला म्हणून ड्रिप बंद’ असं लिहून निघून जायचं नाही.

ग्लिफ्लोझिनच्या गोळ्यांवरच्या पेशंटची शुगर सुरुवातीपासूनच २५० च्या खाली असू शकते. तशी असेल तर त्याला इन्सुलिनबरोबर पहिल्या तासापासून डेक्स्ट्रोज लागतं, आणि या टप्प्याची वाट बघण्यात काही अर्थ नाही.

## टप्पा ७: डीकेए खरंच संपला का

शुगर २०० च्या खाली आहेच, पण त्याबरोबर रक्तातलं किटोन ०.६ च्या खाली, आणि पीएच ७.३ किंवा वर अथवा बायकार्बोनेट १८ किंवा वर. तेव्हा संपला म्हणा.

किटोन मीटर नसेल तर अॅनायन गॅप काढा: सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेटची बेरीज वजा करा. १२ किंवा कमी आला तर किटोन गेले असं धरायला हरकत नाही.

दोन सापळे इथे आहेत.

पहिला लघवीच्या पट्टीचा. पट्टीला ॲसिटोॲसिटेट दिसतं, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट दिसत नाही. उपचार लागू पडू लागले की दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर होतं, त्यामुळे पेशंट सुधारत असताना पट्टी आणखी गडद होते. निदानाला पट्टी ठीक. ड्रिप काढायची की नाही हे तिच्यावर ठरवू नका.

दुसरा क्लोराइडचा. पाच-सहा लिटर एनएस गेल्यावर क्लोराइड वाढतं आणि बायकार्बोनेट १५-१६ वर अडून बसतं. गॅप मात्र १०. पेशंट बसून चहा मागतोय. हा आता डीकेए नाही, सलाईनचा परिणाम आहे. फक्त बायकार्बोनेटसाठी ड्रिप दोन दिवस ओढत ठेवू नका.

## टप्पा ८: ड्रिप काढणं

तीन अटी: डीकेए संपलेला, पेशंट खाऊ शकतोय, आणि त्वचेखालचं बेसल काम करत असलेलं. तिसरी अट सुटली की सुरुवातीला सांगितलेली सकाळ येते.

बेसल आधीच दिलेलं असेल तर. ६० किलोचा नवा पेशंट घेऊ. संध्याकाळी ६ ला ड्रिप, रात्री ९ ला ग्लार्जिन १५ युनिट. सकाळी ९ ला रिपोर्ट चांगले. साडेनऊला नाश्ता, त्याबरोबर लिस्प्रो किंवा अस्पार्ट (झटपट चालणारी इन्सुलिनं) ५ युनिट. ड्रिप लगेच नाही, जेवणाच्या सुईनंतर ३० ते ६० मिनिटांनी, म्हणजे दहा-साडेदहाला बंद. जेवणाची सुई रेग्युलरची असेल तर ती खाण्याच्या अर्धा तास आधी.

बेसल दिलेलं नसेल तर. सकाळी ९ ला बेसल द्या. ड्रिप आणि डेक्स्ट्रोज चालूच. अकराच्या सुमाराला खाणं आणि जेवणाची सुई, त्यानंतर ड्रिप बंद. बेसल आणि ड्रिप निदान एक ते दोन तास एकमेकांवर चढलेले हवेत. ग्लार्जिनसाठी दोनच धरा.

रिपोर्ट पहाटे तीनला चांगले आले तर. काहीही करू नका. ड्रिप कमी वेगाने आणि डेक्स्ट्रोज चालू ठेवून नाश्त्यापर्यंत थांबा. पेशंट झोपलाय, खाणार नाही, ड्युटीवर दोनच माणसं आहेत. बदल करायची ही वेळ नाही, पलंगाची कितीही ओढाताण असली तरी.

नव्या पेशंटचा दिवसाचा एकूण डोस किलोमागे ०.५ ते ०.६ युनिट धरा. किडनी खराब किंवा म्हातारा असेल तर ०.३. त्यातला निम्मा बेसल, उरलेला तीन जेवणांत विभागून. ६० किलोला ०.५ ने ३० युनिट: १५ बेसल, आणि ५, ५, ५. ड्रिपमध्ये चोवीस तासांत किती गेलं त्यावरून डोस काढणारे पुष्कळ आहेत. पण ते युनिट आजाराच्या ऐन भरातले असतात, आणि वरून डेक्स्ट्रोज चालू असतं. तो आकडा जवळजवळ नेहमी जास्तच निघतो.

इशारा: रात्री ९ ला बेसल दिलंय आणि सकाळी नव्या डॉक्टरने ‘ट्रान्झिशन’ म्हणून पुन्हा १५ लिहिलं, ही चूक ड्युटी बदलताना होते. पुढचं बेसल रात्री ९ लाच. मधल्या काळात शुगर चढली तर जेवणाच्या सुईने भागवा. चार्टवर बेसलची वेळ लाल पेनाने वेगळ्या ओळीत लिहा, ड्रिपच्या नोंदींत मिसळू नका.

इशारा: फक्त ‘शुगरप्रमाणे रेग्युलर’ हा आदेश बेसलशिवाय लिहू नका. शुगर १४० आली की त्या तक्त्यात उत्तर शून्य युनिट असतं, आणि टाइप वनच्या पेशंटला शून्य इन्सुलिन म्हणजे डीकेएला परत बोलावणं.

## टप्पा ९: ड्रिप काढल्यानंतरचे चोवीस तास

पहिले चार तास शुगर दर दोन तासांनी, नंतर जेवणाआधी, झोपताना आणि पहाटे तीनला. पहाटेची तपासणी वगळली जाते आणि बेसल जास्त झालं असेल तर ते तिथेच कळतं. पोटॅशियम ड्रिप काढल्यावर चार-सहा तासांनी एकदा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी.

पेशंटने नाश्ता अर्धा सोडला, तर जेवणाची सुई कमी करा किंवा खाल्ल्यावर द्या. बेसल कमी करायचं नाही. सकाळची उपाशीपोटीची शुगर १०० च्या खाली आली तर पुढचं बेसल १० ते २० टक्क्यांनी उतरवा. दोनशेच्या वर येत राहिली तर तेवढंच वाढवा. एका आकड्यावरून उडी मारू नका.

पुन्हा मळमळ, पोटदुखी किंवा श्वासाचा वेग वाढला तर शुगर कितीही असो, किटोन किंवा गॅप बघा.

## थोडे वेगळे पेशंट

एचएचएस (हायपरऑस्मोलर हायपरग्लायसेमिक स्टेट): शुगर ६०० च्या वर, किटोन नाममात्र, पेशंट सुस्त आणि कोरडा. इथे आधी सलाईन. किटोन नसतील तर सलाईनने शुगर उतरणं थांबल्यावर किलोमागे तासाला ०.०५ युनिटने ड्रिप. हे पेशंट बहुधा वयस्कर असतात, बेसल हातचं राखून, आणि पाणी भरून निघाल्यावर.

इन्सुलिन पंपवाले: पंपमध्ये फक्त झटपट चालणारं इन्सुलिन असतं. पंप काढला की त्यांच्या अंगात बेसल काहीच उरत नाही. पंप काढताना बेसलची सुई लिहायलाच हवी.

ग्लिफ्लोझिनवाले: गोळी बंद. लघवीतून साखर आणि किटोन काही दिवस जाऊ शकतात, म्हणून ड्रिप काढल्यावरही किटोन पुन्हा तपासा. डिस्चार्ज कार्डवर ठळक लिहा की ही गोळी पुन्हा सुरू करायची नाही. नाहीतर जुन्या चिठ्ठीवर मेडिकलवाला तीच देतो.

आयसीयू मिळत नाही: सौम्य ते मध्यम डीकेएत, पेशंट शुद्धीत असेल तर, झटपट चालणारं इन्सुलिन त्वचेखाली दर एक-दोन तासांनी देऊनही उपचार करता येतात. त्यातही बेसल वेगळं द्यावंच लागतं. पण दर तासाला शुगर बघणारं माणूस नसेल तर हा मार्ग धरू नका, पेशंट पाठवा. पाठवताना चिठ्ठीवर लिहा: बेसल कुठलं, किती युनिट, किती वाजता.

## घरी पाठवताना

डिस्चार्ज कार्डवर इन्सुलिनचं नाव, बाटलीची ताकद आणि सिरिंजच्या टोपीचा रंग, तिन्ही मराठीत लिहा. पेशंटला किंवा घरच्यांना तुमच्यासमोर एकदा भरायला लावा. ‘समजलं का?’ म्हटलं की सगळे मान हलवतात.

घरी फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्यात, पाण्याला न लागता, सावलीत ठेवायला सांगा.

आणि एक गोष्ट दोनदा सांगा: ‘ताई, उलट्या होत असल्या, जेवण गेलं नाही, तरी ही रात्रीची लांबची सुई चुकवायची नाही. जेवणाची सुई न जेवता घेऊ नका, पण ही घ्यायचीच. शुगर ३०० च्या वर राहिली किंवा दोनपेक्षा जास्त उलट्या झाल्या, तर थांबू नका, त्याच दिवशी या.’ उपवास आला, लग्नघर आलं, गावची जत्रा आली, की हीच सुई पहिली बंद होते, म्हणून ते सण आणि उपवास नाव घेऊनच विचारा. जवळच्या मेडिकलमध्ये ते इन्सुलिन मिळतं का, आणि महिन्याला परवडेल का, हेही डिस्चार्जच्या आदल्या दिवशी विचारून घ्या. परवडणार नसेल तर आत्ताच सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या एनपीएचवर डोस बसवून द्या, आणि बदल केल्यावर किमान एक दिवस वॉर्डात शुगर बघून मगच सोडा.